नको म्हणणाऱ्याच्या हाती दिलेली सेना: लुडविग फॉन बेनेडेक आणि १८६६ चा उन्हाळा

३ जुलै १८६६ रोजी बोहेमियात, क्योनिगग्रेट्झच्या किल्ल्याजवळ ऑस्ट्रियाची उत्तर सेना प्रशिया या जर्मन राज्याच्या सैन्यापुढे एका दिवसात मोडली. आज हे गाव चेक प्रजासत्ताकात आहे आणि त्याला ह्रादेत्स क्रालोवे म्हणतात. मेलेले, जखमी, बेपत्ता आणि कैद झालेले मिळून ऑस्ट्रियाच्या बाजूची सुमारे ४४ हजार माणसे गेली. त्यातली निम्मी कैदेत पडली. प्रशियाचे नुकसान ९ हजारांच्या आसपास होते. जर्मन संस्थानांवर हॅब्सबर्ग घराण्याचा जो काही शतकांचा दबदबा होता, तो त्या उन्हाळ्यात संपला.

खापर फोडायला डोके तयारच होते. सेनापती लुडविग फॉन बेनेडेक हे तोवर ऑस्ट्रियाचे सर्वांत लोकप्रिय लष्करी अधिकारी होते. त्या दुपारनंतर त्यांचे नाव म्हणजे पराभव, असे समीकरण झाले आणि ते आजही बरेचसे टिकून आहे. सेनापती नालायक होता, म्हणून सेना हरली, असा सरळ हिशेब मांडला जातो. माझ्या मते तो अर्धाच खरा आहे. ही जबाबदारी आपल्याला पेलणार नाही हे बेनेडेकांनी आधीच सांगितले होते. तरीही ती त्यांच्या गळ्यात का पडली आणि पडल्यावर त्यांनी तिचे काय केले, या दोन प्रश्नांपाशी हे प्रकरण खरे उलगडते.

डॉक्टरचा मुलगा

बेनेडेकांचा जन्म १४ जुलै १८०४ चा, ओडेनबुर्ग म्हणजे आजच्या हंगेरीतल्या शोप्रोन गावचा. वडील डॉक्टर, घर प्रोटेस्टंट. वरच्या हुद्द्यांवर कॅथलिक सरदार घराण्यांचा भरणा असलेल्या सैन्यात ही पार्श्वभूमी काही फार उपयोगाची नव्हती. वीनर नॉयश्टाटच्या लष्करी अकादमीतून १८२२ मध्ये ते बाहेर पडले आणि पुढची वीसेक वर्षे हळूहळू, पायरी पायरीने चढत गेले.

नाव झाले ते १८४६ मध्ये, गॅलिशिया या ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या पोलिश प्रांतात. पोलिश सरदारांच्या उठावाविरुद्ध ग्दुव येथे त्यांनी लहानशा तुकडीने विजय मिळवला. हा विजय फारसा मिरवण्यासारखा नाही. सरदारांवर खवळलेले शेतकरी त्या वेळी सरकारच्या बाजूने लढत होते आणि त्या हिवाळ्यात गॅलिशियातल्या वाड्यांवर जे रक्त सांडले, त्याची आठवण पोलिश माणसाला अजून आहे. पण व्हिएन्नाला परिणाम दिसला, बेनेडेक कर्नल झाले.

त्यांचा खरा काळ पुढचा, इटलीतला. १८४८ मध्ये ऑस्ट्रियाच्या ताब्यातली लोंबार्डी पेटली तेव्हा ते इटलीतल्या ऑस्ट्रियन सेनेचे प्रमुख, म्हाताऱ्या राडेट्झकींच्या हाताखाली एका पायदळ रेजिमेंटचे प्रमुख होते. कुर्तातोने, मग मोर्तारा, मग नोव्हारा. यातली मोर्ताराची लढाई, २१ मार्च १८४९ ची, त्यांचा स्वभाव दाखवते. दिवस मावळत होता, शत्रू गावात होता, पुढे किती फौज आहे याचा नीट अंदाज नव्हता. बेनेडेक आपली रेजिमेंट घेऊन सरळ गावात घुसले. अंधारात गोंधळ उडाला, पिडमाँट या उत्तर इटलीतल्या राज्याच्या सुमारे २ हजार सैनिकांनी शस्त्रे टाकली. नकाशा, आकडेमोड, खलिता यांपैकी कशाचीही वाट न पाहता डोळ्यांसमोरच्या संधीवर झडप घालणारा हा माणूस होता. त्याच वर्षी ते हंगेरीत, म्हणजे स्वतःच्या जन्मभूमीतल्या क्रांतीविरुद्ध लढले आणि जखमी झाले. निष्ठा सम्राटाशी, मातीशी नाही, हे त्यांच्या दृष्टीने इतके उघड होते की त्यात त्यांना पेच वाटल्याचे दिसत नाही.

त्यानंतर अनेक वर्षे ते राडेट्झकींचे चीफ ऑफ स्टाफ, म्हणजे मोहिमांची आखणी सांभाळणारे मुख्य अधिकारी होते. २४ जून १८५९ रोजी सोल्फेरिनोत फ्रेंच आणि पिडमाँटच्या संयुक्त सेनेने ऑस्ट्रियाला हरवले, पण उजव्या टोकाला सान मार्तिनोच्या टेकडीवर बेनेडेकांच्या आठव्या कोअरने, म्हणजे हजारोंच्या सैन्यविभागाने, पिडमाँटचे हल्ल्यामागून हल्ले परतवून लावले. मध्य फुटला, माघारीचा हुकूम आला, तेव्हाच ते वादळी संध्याकाळी तिथून हलले. हरलेल्या दिवशी न हरलेला एकच सेनानी! वर्तमानपत्रांना आणि सैनिकांना यापेक्षा अधिक काय हवे होते?

कीर्ती इथेच ठरली आणि गैरसमजही इथेच रुजला. सान मार्तिनोला बेनेडेकांनी २५ हजारांच्या आसपास माणसे, दिसणाऱ्या रणांगणावर, ओळखीच्या प्रदेशात हाताळली होती. यावरून दोन लाखांची सेना ते तितक्याच सहजतेने चालवतील असे लोकांनी धरून चालले.

१८६० मध्ये ते सेनेच्या क्वार्टरमास्टर जनरल स्टाफचे, म्हणजे लष्कराच्या नियोजन खात्याचे प्रमुख झाले. थोड्याच दिवसांत इटलीतल्या सेनेची सूत्रेही त्यांच्याकडे आली. ते व्हेरोनाला जाऊन राहिले आणि नियोजन खात्याचे प्रमुखपद १८६४ पर्यंत नावापुरते सांभाळत राहिले. युद्ध आपण साध्या नियमांनी चालवतो, गुंतागुंतीच्या हिशेबांचे आपल्याला कौतुक नाही, असे ते बोलून दाखवत. चीफ ऑफ स्टाफला दणकट पोट आणि चांगले पचन असले की पुरे, असेही ते म्हणत, असे सांगतात. विनोद म्हणून ठीक. पण त्याच वर्षांत बर्लिनमध्ये प्रशियाच्या जनरल स्टाफचे प्रमुख मोल्टके रेल्वेची वेळापत्रके आणि नकाशे घेऊन बसले होते. बेनेडेकांनंतर त्या जागी आले हेनिकश्टाइन. त्यांची मोठी पात्रता म्हणजे बेनेडेकांशी असलेली मैत्री.

अदलाबदल

१८६६ च्या वसंतात प्रशियाशी युद्ध अटळ दिसू लागले. इटली प्रशियाच्या बाजूने उतरणार हेही उघड होते. म्हणजे दोन आघाड्या: उत्तरेला बोहेमिया आणि दक्षिणेला व्हेनेशिया. सेनापतीही दोन. बेनेडेकांचे अख्खे आयुष्य इटलीत गेलेले. दुसरे आर्चड्यूक आल्ब्रेख्ट, सम्राट फ्रान्झ योझेफ यांचे नात्यातले, १८०९ मध्ये आस्पर्नला नेपोलियनला अडवणाऱ्या आर्चड्यूक कार्लचे चिरंजीव.

ठरले ते असे: आल्ब्रेख्ट इटलीत, बेनेडेक बोहेमियात.

बेनेडेकांनी विरोध केला. इटलीत मिलानपर्यंतचे एकेक झाड मला माहीत आहे, बोहेमियात एल्ब कुठून वाहते तेही ठाऊक नाही. जर्मन रणांगणावर मी गाढव ठरेन, अशा अर्थाचे त्यांचे बोल नोंदले गेले आहेत. त्यात थोडी अतिशयोक्ती असेल, पण आशय स्पष्ट आहे. त्यावर सम्राटाचे अॅडज्युटंट जनरल काउंट क्रेनव्हिल त्यांना भेटले. लोकांना तुम्हीच हवे आहात. आर्चड्यूकच्या हाताखाली सेना हरली तर सम्राटालाच गादी सोडावी लागेल, असे त्यांना समजावले गेले, अशी हकिकत आहे. शब्द नेमके हेच होते की नाही, हा प्रश्न फार महत्त्वाचा नाही. हिशेब तोच होता: उत्तरेत धोका मोठा, म्हणून तिथे घराण्याबाहेरचा माणूस. दक्षिणेत समोर इटालियन, तिथे विजयाची आशा जास्त, म्हणून तिथे राजघराण्यातला.

बेनेडेक तयार झाले. सम्राटाने मागितले तर आपली अब्रूही द्यायची, ही त्यांची सैनिकी निष्ठेची कल्पना होती.

या अदलाबदलीत आणखी एक गोष्ट झाली, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. व्हेरोनात बेनेडेकांचा चीफ ऑफ स्टाफ फ्रान्झ फॉन योन हा कर्तबगार अधिकारी होता. तो तिथेच राहिला, आल्ब्रेख्टकडे. बेनेडेक उत्तरेला गेले तेव्हा त्यांना मिळाले दोन सल्लागार: स्टाफप्रमुख म्हणून मित्र हेनिकश्टाइन आणि प्रत्यक्ष मोहिमेच्या आखणीसाठी क्रिस्मानिच. आल्ब्रेख्टच्या शिफारशीने आलेले क्रिस्मानिच विद्वान खरे, पण त्यांची विद्या जुनी. अमुक पठार, तमुक नदीकाठ, अशा मोक्याच्या जागा धरून बसण्यात त्यांना युद्धाचे सार दिसे. इटलीतला माहीतगार प्रदेश, सरावाचा स्टाफप्रमुख, ओळखीची सेना, हे सगळे आल्ब्रेख्टला तयार हाती आले. २४ जूनला त्यांनी कुस्तोझाला इटालियनांना हरवले. ते चांगले लढले, यात वाद नाही. पण त्या विजयाची निम्मी तयारी बेनेडेकांनी करून ठेवली होती, हे त्या वेळी कोण बोलणार?

ठासणीच्या बंदुका आणि एक आठवडा

प्रशियाकडे सैन्य सरहद्दीवर आणायला पाच रेल्वेमार्ग होते. व्हिएन्नाहून मोराव्हियाकडे जाणारा ऑस्ट्रियाचा मार्ग एकच. म्हणून उत्तर सेना आधी ओल्म्युत्सच्या किल्ल्याभोवती गोळा झाली आणि जूनच्या मध्यावर तिथून पायी बोहेमियाकडे, एल्बच्या वरच्या काठावरच्या योजेफश्टाटकडे निघाली. मोल्टकेंनी तीन सेना तीन वाटांनी आत सोडल्या: एल्ब सेना, राजपुत्र फ्रीडरिख कार्लची पहिली सेना आणि युवराजाची दुसरी सेना. ही विभागणी धोक्याची होती. मधे असलेल्या ऑस्ट्रियाला एकेकीला गाठून ठोकण्याची संधी होती.

ती हुकण्याचे एक कारण बंदूक. प्रशियाच्या शिपायाकडे ड्रायझची मागून भरायची बंदूक होती, जिला सुईची बंदूक म्हणत. जमिनीवर पडून ती भरता येई आणि मिनिटाला चार-पाच बार निघत. ऑस्ट्रियाची लोरेन्झ रायफल लांब पल्ल्याला जास्त अचूक, पण ठासणीची. उभे राहून भरायची, मिनिटाला एक-दोन बार. त्यात १८५९ चा धडा ऑस्ट्रियाने उलटा गिरवला होता. फ्रेंचांनी संगिनीच्या धडकेने हरवले, म्हणून आता आपणही दाट रांगांनी धडक मारायची, असे डावपेच ठरले होते. दाट रांगा आणि समोर मिनिटाला पाच बार! २७ जूनला नाखोदच्या लढाईत ऑस्ट्रियाचे नुकसान प्रशियाच्या सुमारे पाचपट झाले. त्याच दिवशी ट्राउटेनाउला गाब्लेन्झच्या कोअरने प्रशियाला मागे रेटले. तो या मोहिमेतला ऑस्ट्रियाचा एकमेव मोठा विजय. तिथेसुद्धा जिंकणाऱ्याची माणसे हरणाऱ्याच्या तिपटीहून जास्त पडली. तोफखाना मात्र ऑस्ट्रियाचा सरस होता, हे पुढे क्योनिगग्रेट्झला दिसले.

बंदूक बेनेडेकांनी निवडली नव्हती. २८ जूनचा निर्णय मात्र त्यांचाच. त्या सकाळी ते स्वतः स्कालित्सला होते. समोर प्रशियाची एक कोअर, श्टाइनमेट्झची, आदल्या दिवशी लढून दमलेली. हाताशी आठवी आणि सहावी कोअर, चौथीही जवळच. मोर्ताराच्या बेनेडेकांनी इथे झडप घातली असती. १८६६ च्या बेनेडेकांनी ठरल्या आराखड्याप्रमाणे पश्चिमेकडे सरकायचा हुकूम दिला आणि घोडा वळवला. ते गेल्यावर श्टाइनमेट्झनेच हल्ला केला आणि आठव्या कोअरला मार बसला. दुसऱ्या दिवशी गित्शिनला ऑस्ट्रियाचे सेनानी क्लाम-गालास आणि त्यांच्या बाजूने लढणारी सॅक्सन फौज हरली.

प्रदेश अनोळखी होता, बंदूक वाईट होती, सल्लागार लादलेले होते. पण स्कालित्सच्या टेकडीवर संधी त्यांच्या नजरेसमोर होती, त्यांच्या खास ओळखीच्या प्रकारची. तिथे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास न ठेवता क्रिस्मानिचच्या कागदावर ठेवला. हिशेबी माणसांची आयुष्यभर टिंगल केलेला सेनापती ऐनवेळी एका हिशेबी माणसाच्या स्वाधीन झाला. ही चूक दरबाराच्या माथी मारता येत नाही.

तार, उत्तर आणि लढाई

१ जुलैला बेनेडेकांनी सम्राटाला तार केली: वाटेल त्या किमतीवर तह करा अशी कळकळीची विनंती, सेनेवरचे अरिष्ट अटळ आहे. मोठी लढाई अजून व्हायची होती. उत्तर आले: तह अशक्य, गरजच असेल तर उत्तम शिस्तीत माघार घ्या. आणि शेवटी एक प्रश्न: लढाई झाली आहे का? तो क्रेनव्हिलने जोडला असे म्हणतात. त्या तीन-चार शब्दांचा अर्थ कोणत्याही सैनिकाला एकच लागला असता. न लढता मागे येऊ नका.

माघारीची परवानगी कागदावर होती, हे विसरू नये. एल्ब ओलांडून मागे गेल्यास सेना वाचली असती. बेनेडेकांनी मात्र नदी पाठीशी ठेवून, क्योनिगग्रेट्झच्या वायव्येला बिस्त्रित्स ओढ्याच्या पूर्वेकडच्या टेकड्यांवर तळ दिला. दोन्ही बाजूंना दोन लाखांहून जास्त माणसे. याच सुमारास व्हिएन्नाने हेनिकश्टाइन आणि क्रिस्मानिच यांना पदावरून दूर केले. क्रिस्मानिचच्या जागी आलेल्या बाउमगार्टेनने लढाईच्या सकाळी सूत्रे घेतली. वेळ साधून खांदेपालट करावी ती अशी!

पहाटे पाऊस आणि धुके. सकाळभर लढाई ऑस्ट्रियाच्या बाजूने होती. लिपा आणि ख्लुमच्या टेकड्यांवरच्या तोफांनी प्रशियाच्या पहिल्या सेनेला ओढ्याच्या काठी खिळवून ठेवले. घोळ झाला उजवीकडे. चौथ्या आणि दुसऱ्या कोअरला उत्तरेकडे तोंड करून बगल सांभाळायची होती. त्यांच्या सेनानींनी ते सोडले आणि श्विप जंगलात फ्रान्सेकीच्या एका प्रशियन डिव्हिजनशी भिडले. तासन् तास जंगलात बटालियनमागून बटालियन गेली. चौथ्या कोअरचे फेश्टेटिच यांचा पाय गेला. मोलिनारी यांनी सूत्रे घेतली आणि आणखी पुढे जायची परवानगी मागितली. बेनेडेकांनी नाकारली, परत जागेवर या असा हुकूम दिला. तो बरोबर होता, पण उशिराचा. युवराजाला रात्रीतून निरोप गेला होता. साडेअकराच्या पुढे योजेफश्टाटहून तार आली की प्रशियाची दुसरी सेना उत्तरेकडून येते आहे. तोवर त्या बाजूला भगदाड होते.

दुपारी अडीच-तीनच्या सुमारास प्रशियाच्या गार्ड्स डिव्हिजनने ख्लुम घेतले. ऑस्ट्रियन सेनेच्या मध्यभागातली ती टेकडी. ख्लुम गेले, असे एका अधिकाऱ्याने सांगितले तेव्हा काहीतरी बडबडू नका म्हणून बेनेडेकांनी त्याला झटकले. मग स्वतः घोडा घेऊन तिकडे गेले तेव्हा त्यांच्या ताफ्यावरच गोळ्या आल्या. राखीव पहिल्या कोअरने प्रतिहल्ला केला. अर्ध्या तासाच्या आत तिची १० हजारांच्या आसपास माणसे गेली. संध्याकाळी तोफखाना आणि घोडदळ यांनी जीव देऊन माघार झाकली, म्हणून उरलेली सेना एल्ब ओलांडू शकली. क्योनिगग्रेट्झ किल्ल्याचे दरवाजे बंद होते, भोवतीच्या जमिनीवर पाणी सोडलेले होते. काही सैनिक त्यात बुडाले. प्रशियाने पाठलाग केला नाही.

तोंड बांधून

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सरसेनापतीपद आल्ब्रेख्टकडे गेले. २६ जुलैला निकोल्सबुर्गला प्राथमिक तह, २३ ऑगस्टला प्रागचा. कुस्तोझा जिंकूनही व्हेनेशिया गेलेच.

मग चौकशी बसली, वीनर नॉयश्टाटला, म्हणजे जिथे बेनेडेक विद्यार्थी होते त्याच गावात. त्यांनी बचाव केला नाही. सम्राटाने चौकशी थांबवली. क्लाम-गालास हे बड्या सरदार घराण्यातले; त्यांच्यावरही ठपका होता, पण त्यांची सन्मानाने सुटका झाली. नोव्हेंबरात आल्ब्रेख्ट ग्राझला बेनेडेकांना भेटले आणि त्यांच्याकडून लेखी वचन घेतले: या युद्धाबद्दल काहीही प्रसिद्ध करणार नाही, सगळे मुकाट्याने सोबत घेऊन जाईन. बेनेडेकांनी ते दिले.

८ डिसेंबर १८६६ ला सरकारी ‘वीनर त्साइटुंग’मध्ये लेख आला. उच्च बौद्धिक गुणांच्या अभावाला शिक्षा देणारा कायदा नाही, अशी त्याची भाषा. सम्राटाचा विश्वास गेला, आजच्या आणि उद्याच्या पिढ्यांसमोर कीर्ती धुळीला मिळाली, हीच त्याला न्यायालयाहून जड शिक्षा, असा त्याचा रोख होता. ज्याने काही आठवड्यांपूर्वी मौनाचा शब्द दिला, त्याला उत्तर देण्याची सोयच नव्हती. तोंड बांधून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

बेनेडेकांनी शब्द पाळला. मृत्युपत्रात तेवढे लिहिले की मौनाचे वचन घेतल्यानंतर छापलेला तो लेख आपल्या न्यायाच्या आणि सभ्यतेच्या कल्पनेत बसत नाही. लष्करी मानवंदना नको, गणवेशात पुरू नका, असेही सांगून ठेवले. २७ एप्रिल १८८१ रोजी ग्राझला त्यांचा मृत्यू झाला.

दोष कुणाकडे किती

बेनेडेकांना निर्दोष ठरवण्याकडे माझा कल नाही. स्कालित्सची संधी त्यांनी घालवली, नदी पाठीशी घेऊन लढले आणि नियोजन खाते स्वतःच्या हाती होते तेव्हा ते वाऱ्यावर सोडले. १८६६ मध्ये त्यांच्याभोवती चांगले स्टाफ अधिकारी कमी होते, याला १८६० ते १८६४ मधले बेनेडेकही जबाबदार आहेत.

पण दरबाराची जबाबदारी वेगळ्या जातीची आहे. बेनेडेकांच्या चुका युद्धाच्या धामधुमीतल्या. दरबाराने शांतपणे, मार्च महिन्यात बसून, न जमणाऱ्याला न जमणारे काम दिले. जे जमेल त्याची खात्री होती ते आर्चड्यूकसाठी राखले. नंतर ज्याची आज्ञाधारकता वापरून पद गळ्यात घातले, त्याचीच आज्ञाधारकता वापरून तोंड बंद केले. सेनापती मूर्ख होता असे एकदा छापले की ठासणीच्या बंदुका कुणी ठेवल्या, संगिनीचे डावपेच कुणी ठरवले, अदलाबदल कुणी केली, हे विचारायची गरज उरत नाही.

त्यांनी मार्चमध्ये ठामपणे राजीनामा दिला असता तर? वय ६१, कीर्ती शिखरावर, गमावण्यासारखे पद सोडून काही नव्हते. नकाराने कदाचित आल्ब्रेख्ट बोहेमियात गेले असते, कदाचित तिसराच कोणी. हरलेही असते, मोल्टके आणि सुईची बंदूक तिथेच होती. बेनेडेकांना मात्र सम्राटाला नकार देणे हा पर्यायच वाटला नाही. घराण्याचे उपकार मानणाऱ्या, डॉक्टरच्या घरातून फेल्डत्सॉइगमाइस्टर या वरच्या लष्करी हुद्द्याला पोचलेल्या माणसाकडून तो येईल अशी क्रेनव्हिललाही भीती नसावी.

ऑस्ट्रियाच्या जनरल स्टाफने या युद्धाचा अधिकृत इतिहास १८६७ पासून खंडाखंडाने छापला. तो लिहिला जात होता तेव्हा उत्तर सेनेचा सेनापती ग्राझमध्ये हयात होता. त्याची बाजू त्याने दिलेल्या वचनाखाली बंद होती आणि वचन घेणारा त्याच सैन्याचा सर्वोच्च अधिकारी होता.